पाचशे शब्दांची तूट

(हे पत्र सातारा जिल्ह्यातून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो आहे. नाव, डेपो आणि गाडीचा मार्ग पत्रलेखिकेच्या विनंतीवरून गाळला आहे.)

नमस्कार,

मी एसटीत कंडक्टर आहे. शाळेत असल्यापासून लिहायची आवड. लग्नानंतर सुटलं होतं, ते मागच्या वर्षी पुन्हा धरलं. गाडीत काय काय बघायला मिळतं ते लिहिते, कधी कविता. एका मैत्रिणीने व्हॉट्सॲपवरच्या लेखनाच्या ग्रुपात घातलं. तिथे रोज ५०० शब्द टाकायचे, रात्री बाराच्या आत. टाकले की नावापुढे हिरवी खूण, नाही टाकले की लाल. माझ्या नावापुढे आता सगळं लालच दिसतं. एकदा मागचं भरून काढायला रात्रीत हजार शब्द लिहिले, दुसऱ्या दिवशी तिकिटं फाडताना डोळे मिटत होते. ग्रुपातले एक सर माझे ऱ्हस्व-दीर्घ काढून दाखवतात आणि म्हणतात, ही खेडवळ भाषा साहित्यात चालत नाही. घरी सासूबाई म्हणतात, पोरीचं दहावीचं वर्ष आणि ही मोबाइलात डोकं घालून बसते. मालक काही बोलत नाहीत, त्यांचं स्वतःचं आठवड्यातून दोन दिवस भजन असतं. कुठे छापून आलं, चार पैसे मिळाले, तर घरात बोलायला तोंड होईल असं वाटतं. आजीवर कादंबरी सुरू केली होती, ती तिसऱ्या प्रकरणात अडकली आहे. वही उघडली की तीच आठवते, म्हणून वहीच उघडत नाही. लिहिलं तर घरच्या वेळातून चोरल्यासारखं होतं आणि नाही लिहिलं तर दिवस वाया गेल्यासारखा. लिहिणं सोडून देऊ का? नाहीतर मला जमेल असं एक वेळापत्रक द्या. सोबत एक छोटा तुकडा जोडते.

ता. क. वहीत लिहू की मोबाइलवर?

*

ताई,

आधी तो ग्रुप सोडा आणि मग पुढचं वाचा. भांडू नका, कारणांची यादी देऊ नका. ‘ड्युटीमुळे जमत नाही’ एवढं लिहून बाहेर पडा. त्यात खोटं काही नाही.

ग्रुप वाईटच असतो असं नाही. ज्याला बसायचीच सवय नाही, त्याला असा धक्का उपयोगी पडतो. ही शब्द मोजून लिहायची टूम आपल्याकडे बरीचशी अमेरिकेतून आली. १९९९ साली तिकडच्या काही हौशी मंडळींनी ठरवलं, एका महिन्यात कादंबरी लिहून काढायची. पुढे त्याचं नाव झालं नॅनोरायमो. दर नोव्हेंबरात ठिकठिकाणची माणसं ५०,००० शब्दांच्या मागे लागायची, म्हणजे दिवसाला साधारण १,६६७. ती संस्था २०२५ मध्ये बंद झाली, पण टूम मागे राहिली. मूळ खेळात दोन सोयी होत्या. नोव्हेंबर संपला की मोजणी संपायची, आणि जे निघेल तो कच्चा खर्डा असणार हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं असायचं. तुमच्या ग्रुपाने नेमक्या या दोन सोयी काढून टाकल्या. मोजणी बारमाही केली आणि वर रोजच्या रोज शुद्धलेखनाची तपासणी लावली. अशा ठिकाणी टिकणारे लोक असतील, पण त्यांची ड्युटी पहाटे साडेपाचला सुरू होत नसावी.

आणि तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती त्या ग्रुपातल्या कुणाच्या लक्षात येणार नाही. तुमची नोकरीच हिशेबाची आहे. वेबिल, म्हणजे दिवसभराच्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद, जुळल्याशिवाय डेपोतून पाय निघत नाही. दहा रुपये कमी भरले तर ते स्वतःच्या खिशातून घालायचे. वर्षानुवर्षं हे केलेल्या माणसाला कुणी ‘रोज ५००’ म्हटलं, की तो त्याची तूटच काढणार. काल लिहिलं नाही, ५०० कमी. परवाही नाही, म्हणजे झाले हजार. मग एका रात्री बसून तुम्ही ती तूट भरलीत. त्या हजार शब्दांतलं एखादं तरी वाक्य आज आठवतं का? पत्रात तुम्ही त्या रात्रीचा शिणवटा सांगितलात, काय लिहिलं ते सांगितलं नाहीत. रोकड जमा करायची असते म्हणून तुटीला अर्थ आहे. हे शब्द तुम्ही कुणाकडे जमा करणार होतात?

आता तुमच्या तुकड्याकडे येतो, कारण मला खरं बोलायचं आहे ते त्याच्याबद्दल. वाचकांसाठी त्यातला मधला भाग इथे देतो.

‘म्हातारी चढली. पंच्याहत्तरच्या वरची, कार्ड दाखवलं. मी म्हटलं, आजी बसा, तुम्हाला फुकट आहे. ती उभीच. म्हणाली, “फुकाट आसंल, पर तिकीट दे. कुनी इचारलं तर काय दावू?” मी मशीनमधून शून्याचं तिकीट काढून दिलं. तिने ते उलटंसुलटं बघितलं, पदराच्या गाठीत बांधलं. तीन स्टॉप गेल्यावर पुन्हा गाठ सोडून बघितलं, आहे का.’

७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला २०२२ च्या ऑगस्टात. त्यावर बातम्या आल्या, भाषणं झाली. पण शून्य रुपयांचं तिकीट गाठीत बांधून ते पुन्हा तपासणारी बाई मला तुमच्याकडूनच कळली. ‘आहे का’ हे दोन शब्द तुम्ही शेवटी टाकलेत, त्यांत तिचा सगळा जन्म आला. आयुष्यभर कुणीतरी तिला कागद मागत आलं असणार. हे तुम्ही लिहिलं नाहीत, तरी ते दिसतं.

ग्रुपात यावर काय प्रतिक्रिया आली तेही तुम्ही कळवलंत. ‘छान, पण शब्दमर्यादा पूर्ण करा.’ मग तुम्ही खाली एक परिच्छेद जोडलात आणि शेवटी लिहिलंत, ‘खरंच, स्वाभिमान म्हणजे काय हे अशा माणसांकडून शिकावं.’ त्या ओळीला सगळ्यांत जास्त हात जोडलेले आले म्हणता. येणारच. ती ओळ कुणीही लिहू शकतं, म्हणून ती सगळ्यांना ओळखीची वाटते. तो परिच्छेद काढून टाका. तुकडा ‘आहे का’पाशी संपला आहे. पाचशेच्या हट्टापायी तुम्ही संपलेल्या गोष्टीला ठिगळ लावलंत, आणि हे मला लाल खुणेपेक्षा जास्त खटकलं.

तुम्ही लिहिता, ‘मला मोठं काही जमतच नाही, सगळे तुकडेच होतात.’ तुमच्या दिवसाला हाच आकार आहे, ताई. शेवटच्या स्टॉपवर गाडी थांबते, ड्रायव्हर चहाला जातो, नोंदी करून झाल्या की तुमच्या हातात अर्धा-पाऊण तास उरतो. त्यात काय मावेल ते त्यात मावणार. बहिणाबाईंचं उदाहरण मी देत नाही, ते तुम्हाला आजवर सगळ्यांनी दिलं असेल. पण जात्यावरच्या ओव्या बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं या अभ्यासकांनी गावोगाव फिरून त्या गोळा केल्या, लाखाच्या वर भरल्या. दळायला बसलेल्या बाईच्या हातात जात्याचा खुंटा, श्वास लागलेला, अंधारात पीठ पडतंय, अशात तिला दोन-तीन ओळींत भावाचं, सासरचं, पावसाचं सांगून मोकळं व्हायचं असे. माझं मत असं, की ओवी आखूड राहिली ती कामामुळे, आणि तिची धारही कामानेच आली. त्या बायांना कुणी सांगितलं नाही, की बाई, तुझ्या ओळी कमी भरतात. पुढच्या दळणाला पुढची ओवी. मधे दोन दिवस दळण नसलं तर ओवीही नाही, आणि त्याबद्दल कुणाला चुकल्यासारखं वाटत नसे.

मधल्या खंडाचीही तुम्ही फार धास्ती घेतली आहे. लग्नानंतर इतकी वर्षं गेली, आता काय उपयोग, अशा अर्थाचं तुम्ही दोनदा लिहिलं आहे. कवी अरुण कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात चित्रकार म्हणून काम करत. त्यांचा पहिला मराठी कवितासंग्रह १९७७ साली आला आणि नंतरची पुस्तकं यायला पंचवीसेक वर्षं गेली. २००४ मध्ये ते वारले, त्याच्या थोडं आधी ती पुस्तकं एकामागोमाग बाहेर पडली. त्यांतल्या एकाला मरणोत्तर साहित्य अकादमी मिळालं. मधल्या काळात ते लिहीत नव्हते असं नाही, छापायची घाई नव्हती. तुम्ही कोलटकर व्हा असं मी म्हणत नाही. पण पंचवीस वर्षांची लाल खूण कुणी त्यांच्या नावापुढे लावलेली मी पाहिली नाही.

घरचं बोलू. हे जरा लांबेल, कारण तुमच्या अपराधीपणाचं मूळ ग्रुपात नाही, इथे आहे.

‘चोरल्यासारखं होतं’ हा शब्द तुमचा. तुमच्या यजमानांचं आठवड्यातून दोन संध्याकाळी भजन असतं. ते तुम्ही सहज, एका ओळीत लिहून पुढे गेलात. टाळ घेऊन ते देवळात जातात तेव्हा पोरीची दहावी आड येते का? सासूबाई विचारतात का, भजनाचं मानधन किती मिळतं? कुणी विचारत नाही, आणि विचारू नयेच. माणसाला एक जागा लागते, जिथे तो कुणाचा काही लागत नाही. त्यांना ती मिळाली, गावाने मिळवून दिली. तुम्हाला ती स्वतः काढायची आहे, म्हणून अवघड जातं.

यावर तुम्ही शोधलेला उपाय मला पटलेला नाही. छापून आलं, पैसे मिळाले, की घरात बोलायला तोंड होईल. म्हणजे तुकडा छापून येईपर्यंत तुम्ही चोर, आणि आला की साव? दिवाळी अंकांची संख्या मोठी असली तरी बहुतेकांचं मानधन असं असतं, की त्यात चौघांची चहाभजी झाली तरी खूप. त्या पैशावर तुमच्या लिहिण्याची अब्रू टांगू नका. नाहीतर पहिली ‘साभार परत’ आली की सासूबाई जिंकल्या, आणि त्या जिंकल्या असं ठरवणाऱ्या तुम्हीच असाल.

मी तुमच्या जागी असतो तर घरात वाद घातला नसता, जागा बदलली असती. मोबाइलात डोकं घातलेली बाई काय करते ते बाहेरून कळत नाही, रील बघते की लिहिते, दोन्ही सारखंच दिसतं. सासूबाईंच्या तक्रारीत तेवढं तथ्य आहे. वही घेऊन पोरीच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसा. ती भूमिती करील, तुम्ही तुमचं करा. दहावीच्या मुलांना समोर कुणी नुसतं लक्ष ठेवून बसलं की राग येतो, आपल्याच कामात बुडालेलं कुणी असलं तर चालतं. आणि तुकडा झाला की एखाद्या वेळी सासूबाईंनाच वाचून दाखवा, म्हातारीचा हाच. त्या नावं ठेवतील. कदाचित म्हणतील, असं कुठं असतंय, आमच्या गावची अमकी तर याच्या वरचढ होती. ते लिहून घ्या.

थांबलेल्या गाडीत, नोंदी झाल्यावर लिहिणं ही कामचोरी का, असंही विचारलं आहे. नाही. शेजारच्या गाडीचा कंडक्टर त्या वेळात झोप काढतो, त्याला कुणी विचारत नाही. मात्र एक सांभाळा. प्रवाशांबद्दल लिहिता तर गाव, आडनाव, आजार, असलं काही ओळखू येईल ते बदला. तुमच्या मार्गावर सगळे सगळ्यांना ओळखतात. एखाद्या सुनेने माहेरी जाताना तुमच्याजवळ मन मोकळं केलं, ते महिन्याभराने तिच्या दिराच्या फोनवर फिरत आलं, असं होऊ देऊ नका. डेपोतल्या साहेबांबद्दलचं लिखाण तूर्त वहीतच राहू दे.

आता ते सर. शुद्धलेखनाचे नियम आहेत, आणि छापायला पाठवताना ते पाळावेत या मताचा मीही आहे. पण सरांनी ते नियम शेवटपर्यंत वाचलेले दिसत नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ सालचे, पुढे १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. कवितेत वृत्ताचं बंधन पाळताना ऱ्हस्व-दीर्घ जमत नसेल तर कवीला मोकळीक असावी, असं त्याच नियमांत लिहून ठेवलं आहे. बोलण्याच्या ढंगात ‘केलं, गेलं’ लिहायला मुभा आहे. नियम करणाऱ्यांना लिहिणाऱ्याची अडचण कळत होती, तपासणाऱ्यांना कळत नाही एवढंच. आणि तुमची म्हातारी ‘कोणी विचारले तर काय दाखवू’ असं म्हणाली असती, तर मी हा तुकडा छापला नसता. तिच्या तोंडचं तिच्याच बोलीत राहू द्या. मधलं निवेदन ज्या भाषेत तुम्ही मुलीशी बोलता त्या भाषेत ठेवा. लिहिताना वेलांटीपाशी थांबू नका. पाठवायच्या आधी कुणा जाणत्याकडून एकदा तपासून घ्या. संपादकाच्या टेबलावर मुद्रितशोधक असतो, त्याला पगार त्याचाच मिळतो.

कादंबरीबद्दल मात्र मी थोडा कडक होणार आहे. ‘मनाला येईल तेव्हा लिहा’ हे सांगायला सोपं आहे आणि ऐकायला गोड. मी तसं सांगत नाही. वेळ तुमच्या मनाप्रमाणे घ्या, आकारही तुमचाच ठेवा, पण हातात घेतलेला तुकडा त्याला हवं तेवढं मागतो, ते त्याला द्यावं लागतं. म्हातारीचा तुकडा एक बैठक मागत होता, तुम्ही दिलीत. आजीची गोष्ट काय मागते आहे, हे तुम्ही अजून तिला विचारलेलं नाही. तिची तीन प्रकरणं तुम्ही जन्म, बालपण, लग्न अशी लावली आहेत, कारण कादंबरी अशीच असते असं कुठेतरी डोक्यात बसलं आहे. पण पत्रात आजीबद्दल तुमच्या हातून एकच वाक्य जिवंत उतरलं आहे, ते असं, ‘आजी एसटीत कधी खिडकीशी बसली नाही, म्हणायची, वारा लागला की माहेरची आठवण येते.’ ते त्या तीन प्रकरणांत आहे का? माझा अंदाज, नाही.

ती वही कपाटात वर ठेवून द्या. फाडू नका आणि रोज समोरही ठेवू नका. कादंबरी म्हणून ती बंद झाली असं समजा, म्हणजे बाकीच्या वह्या उघडायला भीती वाटणार नाही. मग खिडकीपासून सुरुवात करा आणि जेवढं होईल तेवढंच करा. अर्धं पान झालं तर अर्ध्या पानाची आजी. तुम्हीच लिहिलं आहे, की २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत माहेराला जाणाऱ्या बायका वाढल्या, काहीजणी तर काम नसताना नुसत्या जाऊन येतात. तुमची आजी आज असती तर कितीदा गेली असती? मला वाचायचं आहे ते हे. त्याची कादंबरी होते की नाही हे तुम्हाला वर्ष-दोन वर्षांनी कळेल. नाही झाली, तरी काही बुडालं नाही.

वेळापत्रक मागितलं होतंत, ते मी देणार नाही. तुमच्यासाठी एक वेळापत्रक डेपोच्या फळ्यावर लागतंच, आणि ते दर आठवड्याला बदलतं. त्यावर माझं दुसरं लावलं तर पहिल्याच डबल ड्युटीला ते मोडेल आणि तुम्ही पुन्हा तूट काढत बसाल.

वही की मोबाइल? दोन्ही. गाडीत कानावर पडलेलं बोलणं ताबडतोब मोबाइलवर टिपा, ते जसंच्या तसं अर्धा तासही टिकत नाही. टिपताना फक्त माणसाचे शब्द लिहा, तुमचं मत नको. घरी आल्यावर त्यातलं जे अजून आठवत असेल ते वहीत उतरवा, उरलेलं जाऊ द्या. फोन पडतो, हरवतो, म्हणून अधूनमधून सगळं स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवा. दिवाळी अंकाला पाठवावंसं वाटलं तर जून-जुलैपर्यंत पाठवा, गणपतीनंतर संपादक फोन उचलत नाहीत. वेबिलच्या मागच्या बाजूला मात्र काही लिहू नका. पत्राच्या कागदावरून वाटतं, ती सवय आहे तुम्हाला.